वैद्यकीय इच्छापत्राची कुळकथा

वैद्यकीय इच्छापत्र म्हणजे सज्ञान माणसाने शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवलेला कागद. आजार बरा होण्याची आशा संपली आणि स्वतःचे मत सांगण्याची शक्तीही उरली नाही, तर कोणते उपचार सुरू करू नयेत आणि चालू असलेले कधी थांबवावेत, हे त्यात नोंदवलेले असते. लोक त्याला लिव्हिंग विल या नावानेच ओळखतात. मालमत्तेचे मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडते. हा कागद त्याच्या हयातीतच कामी येतो. त्याचा गैरवापर झाला तर चूक सुधारायला संधी राहत नाही. त्यामुळे या कागदाची कथा ही बरीचशी त्याला घातलेल्या अटींचीच कथा आहे.

मरणापूर्वी इच्छा लिहून ठेवण्याची रीत जुनी आहे. पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या शेजारी थेऊरला थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने वारले. अखेरच्या आजारात त्यांनी नऊ कलमांची याद करून ठेवली होती. राज्यावरचे कर्ज फेडण्याची काळजी तिच्यात दिसते. त्या काळच्या अशा कागदांत देणे, वारस, धर्मकृत्ये यांची व्यवस्था येई. उपचार थांबवण्याचे कलम येण्याचे कारण नव्हते, कारण थांबलेला श्वास चालू ठेवण्याचे साधन कोणत्याही वैद्याकडे नव्हते.

अन्न आणि औषध सोडून मृत्यू स्वीकारण्याची परंपराही महाराष्ट्रात अखंड आहे. जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईत प्रायोपवेशन केले, तर विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारले. या तिघांनीही निर्णय स्वतः घेतला आणि स्वतः सांगितला. बेशुद्ध रुग्णाला मात्र असे काही सांगता येत नाही.

हा प्रश्न यंत्रांनी उभा केला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा देण्याची पद्धत वापरली आणि अनेकांचे प्राण वाचले. त्या अनुभवातून अतिदक्षता विभाग आणि आजचे व्हेंटिलेटर आले. बरे होणाऱ्याला त्यांनी जीवदान दिले. बरे न होणाऱ्याचा श्वासही ती यंत्रे महिनोन्‌महिने चालवू शकत होती. १९६७ साली शिकागोचे वकील लुई कट्नर यांनी आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्राची कल्पना मांडली. १९७६ साली कॅलिफोर्नियाने अशा कागदाला कायद्याचा आधार दिला.

भारतात ही चर्चा मुंबईतून सुरू झाली. मिनू मसानी यांनी १९८१ साली तेथे ‘सोसायटी फॉर द राइट टू डाय विथ डिग्निटी’ स्थापन केली. १९८५ साली प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्र विधान परिषदेत या विषयावर अशासकीय विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे भारतीय दंड संहितेतले कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले, पण दयामरण ही वेगळी गोष्ट असून त्यात दुसऱ्याच्या हातून मृत्यू घडतो, हेही स्पष्ट केले. पुढे १९९६ साली ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मरण्याचा मूलभूत हक्क नाकारला. मात्र मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेल्या माणसाचे सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचा भाग ठरू शकतो, एवढी जागा त्याच निकालात राहिली.

ती जागा पुढे परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात उघडली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यांना मरू द्यावे अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. वर्षानुवर्षे सेवा करणारे केईएमचे कर्मचारी हेच अरुणाताईंचे खरे आप्त आहेत आणि त्यांना त्या जगायला हव्या आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. त्याच निकालाने पहिली अटही घातली: जीवरक्षक उपचार थांबवायचे असतील तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. जवळपास बेचाळीस वर्षे त्यांची शुश्रूषा रुग्णालयानेच केली. रुग्णाच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न या प्रकरणाने ऐरणीवर आणला.

इच्छापत्राला मान्यता मिळायला आणखी काळ गेला. २००६ साली विधी आयोगाच्या १९६व्या अहवालाने उपचार थांबवण्याला अनुकूलता दाखवली, पण आधी लिहून ठेवलेले इच्छापत्र ग्राह्य धरू नये असे सुचवले. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या २००५ सालच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला आणि इच्छापत्र वैध ठरवले. सोबतच्या अटी फार जड होत्या. दोन साक्षीदारांखेरीज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी होती. रुग्णालयाच्या मंडळात वीस वर्षांच्या अनुभवाचे तज्ज्ञ, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले दुसरे मंडळ आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याची रुग्णाच्या खाटेपाशी भेट, असा तो क्रम होता. अतिदक्षता विभागातला निर्णय तासांत किंवा दिवसांत घ्यावा लागतो. ही वाट तेवढ्या वेळात पार होणे जवळपास अशक्य होते.

अतिदक्षता तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने पुन्हा न्यायालयात अर्ज केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी अटी बदलल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक नातेवाइकांची नावे देता येतात, आणि कागद केव्हाही मागे घेता येतो. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर वेगळ्या डॉक्टरांचे दुय्यम मंडळ असते. दुय्यम मंडळातला एक सदस्य जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी नेमतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे आहे. न्यायदंडाधिकाऱ्याला निर्णय अमलात आणण्यापूर्वी कळवायचे. त्याच्या भेटीची अट गेली. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. इच्छापत्र केलेलेच नसेल, तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच दुहेरी तपासणी होते.

यानंतर प्रश्न उरला कागद ठेवायचा कुठे. निकालानुसार त्याची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांच्या नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जायला हवी. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र केले, पण ते सांभाळणारा अधिकारी नेमलेला नव्हता. त्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यातून राज्यात असे अभिरक्षक नेमण्याला गती आली. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी न्या. एम. एस. सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवले आणि त्या राज्यात ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली.

लोणी काळभोरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात या व्यवस्थेची खरी परीक्षा आहे. सोलापूर रस्त्यावरचा अपघात असो वा मेंदूतला रक्तस्राव, व्हेंटिलेटर लावण्याचा निर्णय काही मिनिटांत होतो. त्या वेळी कपाटात पडलेला कागद निरुपयोगी ठरतो. एक प्रत घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असेल, आणि त्या अधिकाऱ्याचे नाव गावाला ठाऊक असेल, तरच रुग्णाची इच्छा रुग्णालयापर्यंत पोचते.

या कागदाची हद्दही ठरलेली आहे. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये १९९७पासून आणि नेदरलँड्समध्ये २००२पासून ठरावीक अटींवर डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू घेता येतो. भारतात प्राणघातक इंजेक्शन देणे हा मनुष्यवध आहे आणि आत्महत्येस मदत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा आहे. ही सीमा ओलांडावी का, यावर मतभेद आहेत. असह्य यातनांत शुद्धीवर असलेल्याला इच्छापत्राचा उपयोग होत नाही, हे एका बाजूचे म्हणणे. रुग्णालयाचा खर्च, शेतीवाडीचे वाद आणि आपण घराला भार झालो ही भावना म्हाताऱ्या माणसाकडून संमती वदवून घेईल, ही दुसऱ्या बाजूची भीती. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

या भीतीवर मंडळे आणि साक्षीदार हा अर्धाच उपाय आहे. वेदना शमवणारी सेवा हाताशी असेल तरच उपचार नाकारणे ही निवड ठरते; ती नसेल तर नकारामागे नाइलाज असतो. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७पासून कर्करुग्णांसाठी हे काम करत आहेत. व्हेंटिलेटर थांबवल्यावरही वेदनाशमन, स्वच्छता आणि सोबत थांबवायची नसते. ती शेवटच्या श्वासापर्यंत देणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच राहते. इच्छापत्र लिहिताना तेही त्यात स्पष्ट शब्दांत मागून ठेवावे.