ग्रीनची पवनचक्की

एम-थ्रीच्या पेपरात ग्रीन्स थिअरम हमखास यायचं. मार्क पक्के, म्हणून पाठ करून टाकलं होतं. हा ग्रीन कोण, असा प्रश्न मात्र कधी पडला नाही. मागच्या शनिवारी नेटवर भटकताना कळलं की साहेब गिरणीवाले होते! म्हणजे अगदी खरेखुरे, पीठ दळणारे.

इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटनच्या टेकाडावर ही विटांची पवनचक्की उभी आहे. ती १८०७ साली बांधली जॉर्जच्या वडिलांनी. त्यांची गावात बेकरी होती. १८०० साली पाव महागला तेव्हा चिडलेल्या जमावाने त्यांच्या दुकानावरही हल्ला केला होता.

जॉर्जची शाळा जेमतेम वर्षभराची. मग बेकरी आणि पुढे चक्की. वारा आला की पीठ पडलं, इतकं सोपं काम नव्हतं ते. वारा फिरला की पात्यांचं तोंड वाऱ्याकडे हवं, वारा चढला की पाती आवरायची, आणि वारा रात्री सुटला तर रात्रीच दळायचं. (प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांना वेगळं सांगायला नको!) अशा दिनक्रमात त्याने १८२८ मध्ये वीज आणि चुंबकत्वावर गणिती निबंध छापला. आगाऊ वर्गणीदार ५१. त्यातल्या कितींना तो कळला, देव जाणे. गंमत म्हणजे आपण घोकलेलं ते द्विमितीय रूप त्यात तसंच्या तसं नाहीच.

१८२९ मध्ये वडील गेले, जॉर्ज मालक झाला. आणि मालकाने काय केलं? चक्कीतून अंग काढून घेतलं. १८३३ मध्ये, चाळिशीत, पोरांच्या वर्गात बसायला केंब्रिजला गेला! वडिलांनी आयुष्यभर जमवलेला पैसा असा गणिताला लागला. मागे नॉटिंगहॅमला होती जेन स्मिथ, चक्कीच्या व्यवस्थापकाची मुलगी. तिला त्याच्यापासून सात मुलं झाली, लग्न कधीच नाही. १८३९ मध्ये त्याला फेलोशिप मिळाली. ती तेव्हा अविवाहितांनाच मिळे. त्याच्या चरित्रातलं हे पान मला काही केल्या पचत नाही.

१८४१ मध्ये तो वारला, ४७ व्या वर्षी. निबंधाची प्रत विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनच्या, हाती पडली ती १८४५ मध्ये. तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला.

चक्की १८६० च्या दशकात थांबली. पाती कुजली. पुढे १९२० च्या सुमारास ऑलिव्हर हाइंड नावाच्या वकिलाने ती घेतली आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर तांब्याची टोपी बसवली. याला पीठ दळायचं नव्हतं, काही नाही. तरी मालकांमध्ये मला आवडला तो हाच. नंतर आत पॉलिश बनवत, आणि १९४७ मध्ये आग लागली. लाकूड सगळं जळलं. उरला नुसता विटांचा मनोरा.

१९७० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी पैसे जमवायला सुरुवात केली, नगरपालिकेने चक्की ताब्यात घेतली, आणि १९८० च्या दशकात नवी पाती लावून तिथे पुन्हा गहू दळला गेला. शेजारी मुलांसाठी विज्ञान केंद्रही झालं.