लहान मुलांना फ्लॉस कसा शिकवावा?

चार-पाच वर्षांचं लेकरू गाल सुजवून ओपीडीत येतं, तेव्हा आई हमखास सांगते, "डॉक्टर, रोज दोन वेळा ब्रश करतो हो हा." बहुतेक वेळा ते खरं असतं. टॉर्च मारून पाहिलं तर दाढांचा वरचा भाग ठीकठाक दिसतो आणि कीड असते दोन दाढांच्या मधल्या फटीत. तिथं ब्रशचे केस पोचत नाहीत. चहात बुडवलेलं बिस्किट, गुळाची चिक्की, शेव-चिवडा यांचा मऊ लगदा तिथंच अडकून राहतो.

मी दंतवैद्य नाही. पण यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दाढ दुखणारं लेकरू आधी आमच्यासारख्या डॉक्टरांकडेच येतं. तोवर कीड बरीच आत गेलेली असते. म्हणून आधीच्या टप्प्याबद्दल लिहितो आहे.

फ्लॉस म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक, चिवट दोरा. मेडिकलमध्ये डबीत गुंडाळलेला मिळतो, किंवा छोट्या प्लास्टिकच्या मुठीवर ताणून बसवलेला मिळतो. दुसऱ्या प्रकाराला फ्लॉस पिक म्हणतात, आणि लहान मुलांसाठी तोच सोपा. शिवणाचा दोरा चालेल का, असं बरेच पालक विचारतात. नको. तो पिंजतो, त्याचे धागे फटीत अडकतात आणि हिरडी कापते. टाचणी, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी तर अजिबात नको. घरात खर्रा खाऊन काडीनं दात कोरणारे काका असतील, तर लेकरू तेही बघून शिकतं, एवढं लक्षात असू द्या.

सुरुवात कधी करायची?

वयावर जाऊ नका, फटी बघा. दोन दात एकमेकांना चिकटून उभे राहिले की तिथं फ्लॉसची गरज सुरू झाली. दुधाचे सगळे २० दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. पुढच्या दातांत बऱ्याच मुलांना मोकळ्या फटी असतात, तिथं ब्रश पुरतो. मागे मात्र दुधाच्या दोन-दोन दाढा शेजारी असतात: वर उजवीकडे, वर डावीकडे आणि तशाच खाली. म्हणजे सुरुवातीला मुख्य जागा फक्त चार. सवय झाली की दोन मिनिटांचंही काम नाही.

"दुधाचे दात तर पडणारच आहेत" हे मला रोज ऐकावं लागतं. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळतही नाही. पुढची दाढ किडकी असेल तर फटीत तिलाही कीड लागू शकते.

दोरा कुणाच्या हातात?

सगळ्यात महत्त्वाचं हेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यानुसार, शाळेच्या दिवशी रोज प्रशिक्षित माणसानं मुलांच्या दातांत फ्लॉस फिरवला, तेव्हा सुमारे पावणेदोन वर्षांत फटीतल्या किडीचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला. ही मुलं फ्लोराइडशी कमी संपर्क असलेली होती, त्यामुळे तोच आकडा सगळीकडे लागू होईल असं नाही. पण त्याच आढाव्यात किशोरवयीन मुलांनी दोन वर्षं स्वतःच फ्लॉस केल्याचा फायदा दिसला नाही. दर तीन महिन्यांनी एकदा करून घेतलेल्या फ्लॉसचाही नाही. माझ्या मते पालकांनी यातून एवढंच घ्यावं: फ्लॉस रोज हवा आणि लहानपणी तो मोठ्यांनी करून द्यायला हवा.

रात्री जेवण झाल्यावर, ब्रश करायच्या आधी मुलाला आडवं करून डोकं मांडीवर घ्या. आजीची मांडी असेल तर लेकरू जास्त शांत राहतं. मोबाइलचा टॉर्च दुसऱ्या कुणाला धरायला सांगा. सुटा दोरा असेल तर हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा आणि मधे दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरा. करवतीसारखा हळू मागे-पुढे करत फटीत उतरवा. झटका देऊन खाली दाबला की हिरडीला लागतं आणि मग ते लेकरू महिनाभर तोंड उघडत नाही. आत गेल्यावर दोरा आधी एका दाढेला मिठी मारल्यासारखा वळवा, दोन-तीनदा वर-खाली करा, मग दुसऱ्या दाढेला. पुढच्या फटीसाठी दोऱ्याचा स्वच्छ भाग घ्या. पिक असेल तर प्रत्येक फटीनंतर धुवा आणि शेवटी फेकून द्या.

पहिले काही दिवस थोडं रक्त दिसेल. हिरडी आधीपासून सुजलेली असते म्हणून. घाबरून थांबू नका, सहसा आठवड्याभरात ते कमी होतं.

मूल तीन-चार वर्षांचं झालं की पिक त्याच्या हातात द्या, आरशासमोर खेळू द्या, मग शेवटचा हात तुम्ही फिरवा. सहा-सातव्या वर्षी पुढचे दात त्याचे, दाढा तुमच्या. पूर्ण काम साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान सोपवा, तेही आठवड्यातून एक-दोनदा तपासून. रडारड झाली त्या रात्री एकच फट करा आणि सोडून द्या. मारून-धरून फ्लॉस करू नका.

आपल्याकडच्या पाण्याचा मुद्दा

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअर आणि हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. अशा पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा पिवळे-तपकिरी डाग येतात. ते दाताच्या आत बनलेले असतात, ब्रश-फ्लॉसनं जात नाहीत. राख, कोळसा किंवा मीठ घासून दात झिजवू नका आणि मुलाला आळशी म्हणून रागावूही नका. पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. उकळून फ्लोराइड निघत नाही. ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्या. टूथपेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. डाग असलेल्या मुलासाठी कोणती पेस्ट घ्यायची, हे दंतवैद्यांना विचारा.

दाखवायला कधी न्यायचं?

दोरा एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल, दोन दाढांमध्ये करडी सावली दिसत असेल, थंड-गोडानं ठणकत असेल, किंवा दोन आठवड्यांनंतरही रक्त येत असेल, तर दंतवैद्यांकडे जा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

सिकलसेल असलेल्या मुलाच्या दाढेचा संसर्ग अंगावर काढू नका, संसर्गामुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. रक्त न गोठण्याचा आजार किंवा जन्मजात हृदयदोष असेल, तर फ्लॉस सुरू करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडता किंवा गिळता येत नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. दुखऱ्या दाढेत लवंग तेलाचा बोळा किंवा ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका, आतली नाजूक त्वचा भाजते. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देता येतं.