हे जग लहान मुलांसाठी आहे का?

परवा शुक्रवारी रात्री ताईचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? याच्या वर्गातली सगळी पोरं कुठल्याशा ऑनलाईन जगात जातात म्हणे. तिथे घर बांधायचं, कपडे बदलायचे, गप्पा मारायच्या. याला जाऊ देऊ का? जरा बघून सांग."

भाचा नऊ वर्षांचा. 'बघतो' म्हणालो आणि अख्खा विकांत त्यात गेला. गेम बघण्यात थोडा, आणि हे आजवर ठरवलं कोणी हे शोधण्यात बराच.

सुरुवात आपल्या नाशिकपासूनच होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि त्यानंतर लगेच दादासाहेब फाळके मुंबईहून नाशिकला आले. त्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती त्यांचीच लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणून दाखवते, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. आजची पोरं लॉगिन झाल्यावर पहिल्यांदा हेच करतात! फाळक्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात शाळेच्या सहलीबरोबर कितीदा गेलो असेन, पण तेव्हा लक्ष सगळं डब्याकडे.

असो. सिनेमा आला तशी काळजीही आली. १९१८ चा कायदा झाला, १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. पण मुलं आणि मोठी माणसं असा वेगळा हिशोब त्यांच्या प्रमाणपत्रात नव्हता. तो १९४९ च्या दुरुस्तीनंतर आला, 'यू' आणि 'ए'. मग १९८३ मध्ये 'यूए'. आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या 'यूए'चेही सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तुकडे केले. म्हणजे नऊ वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचं पोर वेगळं असतं हे कायद्यात लिहायला आपल्याला शंभरहून जास्त वर्षं लागली. सरकारी रिलीज सायकल म्हणतात ती हीच.

ऑनलाईन जगाचं काय? २०१९ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टात एक जनहित याचिका आली. पबजीवर बंदी घाला अशी मागणी, आणि याचिकाकर्ता कोण, तर अकरा वर्षांचा मुलगा, आईमार्फत. हिंसा वाढते, दादागिरी वाढते, असं त्याचं म्हणणं. नुसती बंदी नको, अशा गेम्सचा मजकूर तपासायला एक समितीही नेमा, ही मागणीसुद्धा होती. मला पोराचं कौतुक वाटलं. त्या वयात मी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत वीस रुपये तासाने गोळ्या झाडत होतो आणि घरी 'प्रोजेक्ट' सांगत होतो. एप्रिलमध्ये कोर्टाने केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला गेम तपासून बघायला सांगितलं. पुढे २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आलीच, पण ११८ ॲप्सच्या यादीत आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. लहान मुलांचा त्यात संबंधच नाही. पुढच्या वर्षी तोच गेम नाव बदलून परत आला.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. सिनेमाची रीळ ठरलेली असते. बोर्ड ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू शकतं, आणि थिएटरमध्ये तीच लागते. ऑनलाईन जगाला शेवटची रीळच नाही. मी शनिवारी तपासलं ते रविवारी तसं नसतं, कारण त्यातला खरा मजकूर म्हणजे आत शिरलेली माणसं. चित्रं, बंदुका, कपडे टेस्ट करता येतात. अनोळखी माणूस पुढच्या मिनिटाला काय टाईप करेल याची टेस्ट केस कशी लिहिणार?

यावर एक उपाय मला फार आवडला. क्लब पेंग्विन. २००५ मध्ये कॅनडात निघालं, २००७ मध्ये डिस्नेने विकत घेतलं. तिथे असा एक चॅट होता की मुलाला काही टाईपच करता येत नसे, तयार वाक्यांतूनच निवडायचं. शिवाय नजर ठेवायला पगारी माणसं. वाईट शब्द शोधत बसण्यापेक्षा फक्त चांगली वाक्यंच आत सोडायची, हे डिझाईन म्हणून एकदम सरळ. मोठ्यांसाठीच्या सेकंड लाईफने १३ ते १७ वर्षांच्या पोरांसाठी वेगळं जग काढलं होतं, ते २०१० च्या अखेरीस गुंडाळलं. क्लब पेंग्विनही २०१७ च्या मार्चमध्ये बंद झालं. नुसतं सुरक्षित असून दुकान चालत नाही, हे दु:खद आहे पण आहे.

बाकी बऱ्याच ठिकाणी आधार आहे तो जन्मतारखेच्या रकान्याचा. १९९८ च्या अमेरिकन कायद्याने तेराखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी सक्तीची केली, म्हणून जिकडेतिकडे तो तेराचा आकडा. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात तोच आकडा अठरा आहे. पण रकाना भरणार पोरगाच!

रविवारी ताईकडे गंगापूर रोडला गेलो. भाच्याच्या शेजारी बसून दोन तास खेळलो. घर त्याने खरंच झकास बांधलं. मध्येच कुणीतरी येऊन 'किती वर्षांचा आहेस, कुठे राहतोस' विचारलं, आणि हा पठ्ठ्या 'नाशिक' टाईप करायलाच लागला होता. मी हात धरला. तो मुलगाच असेल कदाचित. कदाचित नसेलही.

ताईला सांगितलं, खेळू दे, पण हॉलमध्ये, चॅट बंद करून, आणि महिनाभर मी रोज रात्री अर्धा तास त्याच्याबरोबर आत येईन. मग नवीन अकाऊंट उघडलं आणि खरं जन्मवर्ष टाकलं. चॅट आपोआप बंद झालं. भाचा वैतागून म्हणाला, "मामा, आमच्या वर्गात सगळ्यांचं १९९० आहे."

"तुझ्या आईचंसुद्धा नाहीये रे ते," मी म्हणालो. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझं वर्ष सांगू नकोस त्याला."