बॉल त्याच्या हातात, कॅप्टन दुसराच

धानोऱ्यात आमची टीम होती तेव्हा कॅप्टन मी असायचो. कारण साधं होतं: बॅट माझी होती. सगळ्यात भारी बॉलर मात्र आमच्या शेतात मजुरीला येणाऱ्या घरातला पोरगा होता. फिल्डर कुठे उभे करायचे, हे तो हळूच मला सांगायचा आणि मी ते ओरडून सगळ्यांना सांगायचो. मॅच जिंकली की डोकं माझं म्हणून कौतुक. त्याला कॅप्टन करू, असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

हे इतक्या वर्षांनी आठवलं ते ऑफिसमुळे. सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर फक्त फुटबॉलच चाललं होतं. रात्री व्हिडिओ बघत बसलो आणि डग विल्यम्स सापडला. त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. बॉल हातात आला की कुणाकडे फेकायचा, हे त्याने काही सेकंदांत ठरवायचं. कृष्णवर्णीय खेळाडूंना पळायला, झेलायला, अडवायला घेत. ही डोक्याची जागा त्यांना क्वचितच मिळे. 31 जानेवारी 1988 ला विल्यम्सची वॉशिंग्टन टीम 0-10 ने मागे होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने चार टचडाउन पास फेकले आणि सामना 42-10 असा जिंकला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

मला वाटलं, हे अमेरिकेचं दुखणं. मग बाळू पालवणकरांबद्दल वाचलं.

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा, चांभार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखायची, नेट लावायचं, हे त्यांचं काम. ग्रेगसारख्या साहेबांना सराव हवा म्हणून ते तासन् तास डाव्या हाताने फिरकी टाकत. बॅट मात्र साहेबांच्या हातात. यातूनच एक जबरदस्त बॉलर घडला.

गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू क्लबला कळत होतं. घेतलं त्यांना. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर, चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात.

1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात आपली टीम सारखी हरत असताना त्यांनी 18.84 च्या सरासरीने 114 विकेट काढल्या. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही.

बॉलिंग चालते, मग कॅप्टनशिप का नाही? मला वाटतं, उत्तर सरळ आहे. बॉलिंगला मेहनत म्हणून बघितलं जायचं, आणि खालच्या मानलेल्या जातीची मेहनत वरच्यांना कायमच चालत आली. कॅप्टन मात्र हुकूम देतो. 'तू तिकडे उभा राहा' असं त्याने म्हटलं की ब्राह्मणालाही तिकडे जाऊन उभं राहावं लागतं.

1920 मध्ये कर्णधार एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा बाळूंचे भाऊ विठ्ठल यांना डावलून देवधरांना कर्णधार केलं गेलं. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघाबाहेर पडले. गाजावाजा झाला, शेवटी तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार झाले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. म्हणजे विल्यम्सच्या 65 वर्षं आधी. तोवर बाळूंची कारकीर्द मात्र संपली होती.

आमचा बॉलर आता दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातो. होळीला घरी येतो. यंदा होळीनंतर गावात टेनिस बॉलच्या मॅचेस ठरल्यात. मी त्याला फोन केला. म्हटलं, "या वेळी कॅप्टन तू."

तो हसला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आणि बॅट कोणाची?"