मख्ख चेहऱ्याचा सिनेमा आणि कचेरीची भाषा
२०१५ च्या फेब्रुवारीत श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' आला आणि एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. घोडे बदलण्याचं ठिकाण म्हणून बदलापूर, असं लोक सांगत आले आहेत; हिंदी चित्रपटाने त्या नावातला 'बदला' तेवढा उचलला. 'कोर्ट' या गावाचं नावही घेत नाही. तरीही उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून रोज लोकल धरून मुंबईतली कचेरी गाठणाऱ्याला आपलं जगणं सापडतं ते 'कोर्ट'मध्येच. त्यातली सरकारी वकील दिवसभर कलमं वाचते, लोकलमध्ये शेजारणीशी घरगुती गप्पा मारते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका इतकी साधी ठेवली आहे की ती अभिनय वाटत नाही. चेहरा गंभीर ठेवून केलेला मराठी स्वतंत्र सिनेमातला हा मख्ख विनोद परदेशातून आलेला नाही, तो आपल्या कचेरीच्या भाषेतून उगवला आहे, असं माझं म्हणणं आहे.

'कोर्ट'चा मामला असा: लोकशाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप. वीरा साथीदार यांचा कांबळे आवाज चढवत नाही. कॅमेरा दूर, एका जागी खिळलेला. पार्श्वसंगीताने कुठे हसायचं, कुठे रडायचं हे सुचवायचं नाही. मग बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकायला नकार देतात, तेव्हा हसू येतं ते केवळ त्यांच्या गांभीर्यामुळे. पात्रांपैकी कुणीही विनोद करत नाही. कायद्याची जुनी, जड वाक्यं तशीच्या तशी वाचली जातात, तारीख पडते, पुढचं प्रकरण पुकारलं जातं. चित्र एवढं रिकामं ठेवलं नसतं, तर ही भाषा आपल्या कानावरून निघून गेली असती.

यावर कुणी म्हणेल, ही तर फिनलंडच्या अकी कौरिस्माकींच्या आणि अमेरिकेच्या जिम जारमुशच्या सिनेमाची रीत. महोत्सवांना आवडते म्हणून आपल्याकडे आली. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला 'ओरिझोंती' विभागाचा सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला, हे खरंच आहे. स्थिर चौकटीचं शिक्षण जगभरच्या सिनेमातून मिळालं असेल, तेही मान्य. पण चौकटीत काय ठेवायचं, हे कुठून शिकले? चि. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती अगदी गंभीरपणे सांगतो. जब्बार पटेलांच्या 'सामना'त, १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत गेलेल्या चित्रपटात, श्रीराम लागूंचा मास्तर एका माणसाचं काय झालं एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि त्या साध्या प्रश्नाने साखरसम्राटाची सत्ता हादरते. उमेश कुलकर्णींच्या 'वळू'त (२००८) एका मोकाट बैलाला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो आणि सगळं गाव त्याला सरकारी मोहिमेच्या थाटात सामोरं जातं. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) दादासाहेब फाळके सिनेमा काढण्यासाठी घरातलं सामान विकायला काढतात तेही हसतमुखाने, रडगाणं न गाता. या चित्रपटांची शैली एकसारखी नाही. 'सामना' तर संवादांनी भरलेला आहे. पण गंभीर तोंडाने चालणारा कारभार आणि त्याखाली भरडला जाणारा माणूस, ही जोडी या सगळ्यांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: एवढं अंतर ठेवून गरिबाच्या दुःखाकडे पाहणं कोरडेपणाचं नाही का? 'कोर्ट'मधली कामगाराच्या विधवेची साक्ष पाहावी. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून बघायचा; झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. ती हे सगळं हिशेब द्यावा तशी सांगते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जाऊन अश्रू मागत नाही. तिच्यासाठी करुणा भाकली गेली असती तर प्रेक्षक कळवळून मोकळा झाला असता. इथे त्याला त्या कामाची पद्धत कळते, आणि आत्महत्येचा आरोप आपोआप कोसळतो. मला हा कोरडेपणा वाटत नाही, ही त्या बाईच्या शब्दांची बूज आहे.

म्हणून उल्हासनगर-बदलापूरच्या या पट्ट्याकडे परत यावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. नाव बदललं, पण पत्ते छावणीचेच राहिले. आजही माणूस कॅम्प एक ते पाच याच आकड्यांनी आपलं घर सांगतो. बरॅकचा नंबर हीच घराची ओळख, असं पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या लोकांची गोष्ट या मख्ख, संथ रीतीनेच सांगायला हवी. तिला मोठा पैसा लागत नाही. इथल्या तरुणांनी सुडाच्या कथा मुंबईवर सोडाव्यात आणि कॅमेरा एखाद्या बरॅकसमोर, नाहीतर बदलापूरच्या फलाटावर, न हलवता ठेवावा.