दुप्पट की तिप्पट?

मध्य षड्ज आणि तार षड्ज या दोन वेगळ्या सुरांना आपण एकच नाव का देतो? कंपनसंख्या दुप्पट झाली की सूर ‘तोच’ वाटतो, हे आपण धरूनच चालतो. आरतीत बायका वरच्या आणि पुरुष खालच्या सप्तकात गातात, तरी चाल एकच आहे असं म्हणतो.

१९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाइन्झ बोलेन या जर्मन अभियंत्यांनी इथेच बोट ठेवलं. त्यांचं क्षेत्र मायक्रोवेव्हचं. हाम्बुर्गच्या संगीत-विद्यार्थ्यांना ते विचारू लागले, की सगळे दुपटीचे तेच बारा भाग का वापरता? समाधान होईना, म्हणून त्यांनी दुपटीऐवजी तिप्पट घेतली. आपल्या भाषेत, मध्य षड्जापासून थेट तार सप्तकातल्या पंचमापर्यंतचं अंतर. त्याचे १३ समान भाग केले, की एकेक पायरी पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ दीडपट होते. पाश्चात्त्य मेजर स्वरमेळ ४:५:६ या प्रमाणावर उभा असतो; इथला मेळ ३:५:७ चा.

बोलेन यांनी हे १९७८ साली प्रसिद्ध केलं. हॉलंडचे केस फान प्रोयेन त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचले. १९८४ साली अमेरिकेत जॉन पिअर्सही पोचले. ‘ट्रान्झिस्टर’ हे नाव ज्यांनी दिलं, तेच हे. आज ही श्रेणी ‘बोलेन–पिअर्स’ म्हणून ओळखली जाते.

एकमेकांना न विचारता तिघं एकाच जागी येतात, तेव्हा ती नुसती लहर म्हणता येत नाही. लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट घ्या. त्यात वरचा सूर काढला की तो दुपटीवर न जाता तिपटीवर जातो. म्हणजे तिपटीलाही निसर्गात आधार आहे. पुढे या श्रेणीसाठी खास क्लॅरिनेटंही बनली.

मग सप्तक ही केवळ सवय म्हणायची का? तसंही नाही. आरतीतला तो अनुभव खोटा नाही. तिपटीचा सूर आपल्याला षड्ज न वाटता पंचमच वाटतो. आपण एवढंच म्हणू, की प्रमाणं निसर्ग देतो, पण कुठल्या प्रमाणाला ‘तोच सूर’ म्हणायचं, यात ऐकणाऱ्याचाही वाटा असतो. त्यामुळे ‘हे तर स्वाभाविकच आहे’ असं कुणी म्हणालं, की आपण विचारावं: यातलं निसर्गाचं किती, आणि आपलं किती?