अमर घोड्यांचे अश्रू

‘इलियड’मधले देव माणसांच्या मरणाने हळहळतात, नाही असे नाही. पोटच्या सार्पेडनसाठी झ्यूस रक्ताचे थेंब पाडतो. पण लवकरच त्याचे चित्त पॅट्रोक्लसला केव्हा मारावे या विचारात गुंतते. मर्त्यतेचा अर्थ या काव्यात खरोखर कुणा अमर जिवाला उमगला असेल, तर तो अकिलीसच्या रथाच्या झांथस आणि बॅलियस या दोन घोड्यांना, असे आम्हांस वाटते.

हे घोडे पश्चिमवाऱ्याची संतती. देवांनी ते पेलियसला, म्हणजे अकिलीसच्या बापाला, दिले. सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस त्यांना घेऊन रणात उतरतो, तेव्हा बाजूला पेडॅसस नावाचा तिसरा घोडा बांधलेला असतो. तो मर्त्य आहे. सार्पेडनचा भाला लागून तो शेजारीच कोसळतो. अमर घोडे बुजतात, जू करकरते, लगाम गुंततात. सारथी ऑटोमेडन मेलेल्या घोड्याचा दोर कापतो आणि रथ पुढे जातो. इथे अश्रूंचा उल्लेखही नाही. म्हणजे मरण त्यांनी अगदी खेटून पाहिले होते, आणि तरी ते त्यांना कळलेले नव्हते.

सतराव्या सर्गात मात्र पॅट्रोक्लस पडल्यावर ते जागचे हलत नाहीत. चाबूक, गोंजारणे, धमक्या, सारे व्यर्थ. थडग्यावरच्या शिळेसारखे ते उभे राहतात, माना जमिनीला टेकलेल्या, आयाळ धुळीत मळलेली. झ्यूसलाच पश्चात्ताप होतो, की या जरामरणरहित प्राण्यांना आपण माणसांच्या दुःखात कशाला लोटले!

हा फरक का पडला, याचे उत्तर होमर फार पुढे, तेविसाव्या सर्गात, जाता जाता देतो. पॅट्रोक्लस त्यांना स्वच्छ पाण्याने धुऊन आयाळीला तेल लावीत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीने चोळणारा हात ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे फोडून सांगायला नको.

इतिहासात याच्या नेमके उलट घडत होते. युबिया बेटावरील लेफकांडी येथे १९८१ साली उत्खननात इ. स. पू. दहाव्या शतकातले एक भव्य दफन सापडले. पुरुषाच्या अस्थी कांस्यपात्रात, शेजारी स्त्री, आणि लगतच्या खड्ड्यात चार घोडे. धनी गेला की घोड्यांनाही जावे लागे. खुद्द ‘इलियड’मध्ये अकिलीस पॅट्रोक्लसच्या चितेवर चार घोडे चढवतो. अशा प्रथेची आठवण बाळगणाऱ्या परंपरेने, ज्यांना मारताच येत नाही असे घोडे कल्पावेत आणि त्यांना मृताच्या मागे उरण्याचे दुःख द्यावे, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही.

एकोणिसाव्या सर्गात हीरा झांथसला क्षणभर वाचा देते. तो अकिलीसला सांगतो की आज आम्ही तुला वाचवू, पण तुझा दिवस जवळ आला आहे. एवढे बोलताच एरिनीस देवता त्याचा आवाज थांबवतात. पुढे पॅट्रोक्लसच्या स्मरणार्थ रथांची शर्यत लागते, तेव्हा सर्वांत वेगवान असलेले हे घोडे तिच्यात उतरत नाहीत. ते बाजूला उभे असतात, आयाळ जमिनीवर लोळत असते.